तीन दिवसांत साडेपाच वर्षांनी म्हातारा

मुलीने वाढदिवसाला ‘जैविक वय’ (म्हणजे जन्मतारखेवरून नव्हे, तर शरीराच्या अवस्थेवरून काढलेलं वय) सांगणाऱ्या चाचणीचे दोन संच पाठवले, एक मला आणि एक हिला. ही म्हणाली, “माझं वय मला पाठ आहे, त्यासाठी नळीत थुंकायची गरज नाही.” असा दुसरा संच उरला, म्हणून तर हे परीक्षण लिहितोय.

वापरायला सोपं. आधी अर्धा तास तोंडात काही घालायचं नाही, मग नळीवरच्या रेघेपर्यंत लाळ भरायची. साठी ओलांडलेल्या तोंडाला एवढी लाळ सुटायला वीस मिनिटं लागतात, हे माहितीपत्रकात छापायला हवं होतं. (फेस धरायचा नाही, हे नळी भरल्यावर वाचलं. पुन्हा बसलो.)

पहिली नळी पाठवली आणि तीन दिवसांनी दुसरीही मीच भरली, वेगळ्या ईमेलवर नोंदवून. पहिल्या नळीचा निकाल आला ५६.८. खरं वय ६१. दिवसभर मी दोन-दोन पायऱ्या घेत जिना चढत होतो. आठवड्याने दुसरा निकाल आला, ६२.३.

ग्राहकसेवेला विचारलं. उत्तर आलं की झोप, ताण आणि जीवनशैलीमुळे जैविक वय बदलू शकतं. तीन दिवसांत साडेपाच वर्षं!

यामागचं शास्त्र थोतांड नाही. डीएनएवर ठरावीक जागी मिथाइल नावाचे रासायनिक गट चिकटतात नि सुटतात, आणि वयाबरोबर त्यांची मांडणी बदलत जाते. स्टीव्ह होर्व्हाथ यांनी २०१३ मध्ये अशा ३५३ जागांवरून वय ओळखणारं ‘घड्याळ’ मांडलं. चूक साधारण साडेतीन वर्षांची, आणि ती त्यांनी उघड सांगितली. शिवाय एकच नमुना दोनदा तपासला तरी अशा घड्याळांचे आकडे काही वर्षांनी सरकू शकतात, हेही संशोधकांनी पुढे दाखवलं. माझ्या बावीस पानी अहवालात चुकीची मर्यादा एकाही पानावर नाही. दशांश चिन्ह मात्र ठळक.

मी बत्तीस वर्षं आयुर्विम्याच्या मृत्युदर-तक्त्यांत काढली, त्यामुळे हे जास्त खुपतं. बेंजामिन गॉम्पर्ट्झने १८२५ मध्ये दाखवलं, की प्रौढपणी मरणाची शक्यता चक्रवाढीने वाढते. दर आठेक वर्षांनी दुप्पट म्हणा. पण तक्ता बोलतो तो लाखभर माणसांबद्दल, समोरच्या खुर्चीतल्या एकाबद्दल तो गप्प असतो. आमच्याकडे नव्या पोराला हे पहिल्या आठवड्यात शिकवत. इथे समूहाचं माप एकट्या माणसाला बेतून दिलंय, आणि वर कापडही आमचंच.

सोबतच्या पत्रकावर लिहिलंय, ‘१५० वर्षं आता आवाक्यात’. सर्वात जास्त जगलेल्या फ्रेंच बाई जान काल्माँ १९९७ मध्ये वारल्या तेव्हा १२२ वर्षं १६४ दिवसांच्या होत्या. त्यांच्याखेरीज खात्रीलायक नोंदींत १२० गाठलेलं कुणी नाही. २०१६ च्या एका अभ्यासाने माणसाची नैसर्गिक मर्यादा ११५ च्या आसपास धरली. २०१८ मध्ये इटलीतल्या १०५ च्या पुढच्या लोकांवरून दुसऱ्यांनी सांगितलं, की त्या वयानंतर मृत्युदर वाढायचा थांबतो. पत्रकाने हेच दुसरं वाक्य उचललंय. पण तो थांबतो कुठे? दर वर्षी जवळपास निम्मे जातात, तिथे! म्हणजे वर्षाला एक नाणेफेक. १०५ पासून १२२ पर्यंत सलग सतरा वेळा छापा पडायला हवा, म्हणजे १,३१,०७२ मध्ये एकदा. १५० साठी सलग पंचेचाळीस वेळा. ते गणित मी पाकिटाच्या मागे केलं, पस्तीस लाख कोटींत एक निघालं. उद्या एखादं औषध हा दरच खाली आणेल, तर गणित बदलेल. पण या खोक्यात औषध नाही, फक्त नळी आहे.

निकाल वाचून दाखवले तेव्हा ही म्हणाली, “५६ वाला जिना चढू दे, ६२ वाल्याला औषधाची वेळ सांगते.”

दोन तारे. एक मूळ संशोधनाला, आणि दुसरा झाकणाला. ते खरंच पक्कं आहे, दोन्ही नळ्या एक थेंब न सांडता पोचल्या.