वापरलेला परफॉर्मन्स टॉर्क कन्व्हर्टर रिबिल्डला कुणाकडे द्यावा? काही महिने चालवल्यानंतरचा अनुभव

आधी सेट-अप सांगतो, त्यावाचून पुढचं कुणाच्या कामाचं नाही. जनरल मोटर्सचं एलएस१ इंजिन, जवळपास स्टॉकच, म्हणजे कंपनीतून आलं तसंच. मागे ४एल६०ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मधे साडेनऊ इंची, बिलेट (अखंड ठोकळ्यातून कातलेल्या) कव्हरचा, एका लॉक-अप क्लचचा कन्व्हर्टर, तोही वापरलेला. कन्व्हर्टर इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देतो, आणि लॉक-अप क्लच लागला की दोन्ही थेट जोडले जातात. नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळाला म्हणून घेतला. विकणाऱ्याने स्टॉल, म्हणजे गाडी ब्रेकवर धरून इंजिन जास्तीत जास्त जिथवर फिरतं तो आकडा, ३,२०० आरपीएम सांगितला होता. बसवल्यावर गाडी जागेवरून जी उठायची, ती ३०० मिमीच्या स्टॉक कन्व्हर्टरवर कधीच उठली नव्हती, आणि कमी पैशांत हे जमलं याचं समाधान मोठं होतं.

मग हायवेला लॉक-अप लागताना गाडी थरथरायला लागली, रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी. स्कॅनरवर लॉक-अप कमांड पूर्ण दिसत होती, तरी इंजिन आणि इनपुट शाफ्ट यांच्यात दीडशे-दोनशे आरपीएमची घसर होती. क्लच नीट धरला तर तिथे शून्याच्या आसपास आकडा हवा. पुढे लॉक-अप नीट धरत नसल्याचा पी०७४१ कोड आला. पॅन उघडला तेव्हा ऑइल करपट वासाचं आणि चुंबकावर काळ्या पिठासारखा थर. बोटावर चोळला तर टोचत नव्हता. म्हणजे धातूचा कीस कमी आणि लायनिंगची (क्लचवरच्या घर्षण-थराची) भुकटी जास्त. गिअरबॉक्स वाचलेला, कन्व्हर्टरचा क्लच गेलेला.

कन्व्हर्टर वेल्ड करून बंद केलेला डबा असतो. आत काय आहे ते उघडल्याशिवाय दिसत नाही आणि उघडायचं म्हणजे लेथवर वेल्ड कापायचा. एकदा कापला की तो कोण, कसा जोडतो यावर सगळं आलं. म्हणून कुणाकडे द्यायचा याचा विचार मी कापण्याआधी भरपूर केला आणि प्रत्येकानेच तो करावा असं मनापासून वाटतं.

पहिला पर्याय नेहमीचा गिअरबॉक्सवाला. माणूस चांगला आहे, ४एल६०ई त्याच्या हाताखालून शेकड्याने गेलेत. पण कन्व्हर्टर तो स्वतः कापत नाही, पुढे पाठवतो, आणि कुणाकडे ते सांगायला तयार नव्हता. वर म्हणाला, "नुसता फ्लश करून बसवू, चालेल." इथे माझं डोकं फिरलं. कन्व्हर्टर हजारो आरपीएमने फिरतो, आतली घाण बाहेरच्या कडेला आणि पात्यांच्या मुळाशी दाबली जाते. हबमधून (मधल्या नळीतून) द्रव आत-बाहेर करून ती पूर्ण निघत नाही. आणि निघाली असं धरलं तरी जळलेलं लायनिंग थोडंच परत उगवणार? हा पर्याय तिथेच संपला.

दुसरा पर्याय एक्स्चेंजचा. आपला जुना द्यायचा, त्यांच्याकडचा तयार घ्यायचा. स्टॉक कन्व्हर्टरला हा मार्ग ठीक आहे, स्वस्तही पडतो. पण परफॉर्मन्सचा कन्व्हर्टर एक्स्चेंजला कधीही देऊ नका. बिलेट कव्हर, ब्रेझ केलेली पाती, निवडून घातलेला स्टेटर (आतल्या ऑइलचा प्रवाह वळवणारं पात्यांचं चाक) या सगळ्याचे पैसे त्यात आहेत. परत येणारा नग दुसऱ्या कुणाचा तरी असतो, त्याच्या आत काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तिसरा पर्याय मूळ बनवणारा. सुरुवातीला माझं मत ठाम होतं की ज्याने बनवला त्यानेच उघडावा. त्यालाही कारण आहे. कव्हरवर कोरलेला सिरियल नंबर फोनवर सांगितला तर त्यांच्याकडे पूर्ण नोंद निघाली: कोणता स्टेटर, पंपाच्या पात्यांचा कोन किती, आतली क्लिअरन्स किती ठेवली होती. ही माहिती जगात दुसऱ्या कुणाकडे नाही. पण मी पहिला ग्राहक नव्हतो. स्टॉल बदलून देण्याची सवलत त्यांच्याकडे पहिल्या ग्राहकापुरतीच होती. वापरलेला नग आला की ते त्यांच्या ठरलेल्या यादीप्रमाणे सगळंच बदलणार, बेअरिंग चांगली असोत नसोत. खर्च नव्याच्या जवळ जात होता आणि थांबायचा काळ लांबलचक. गाडी कशी वापरता, ट्यून (गाडीच्या कॉम्प्युटरचं सेटिंग) कुणी केलंय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

चौथा होता फक्त कन्व्हर्टरच रिबिल्ड करणारा. त्याच्याशी बोललो आणि माझं मत हलू लागलं. भाव सांगायच्या आधी त्याने प्रश्नांची सरबत्ती केली. गाडीचं वजन किती, मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर रेशो कोणता, टायर केवढे, कॅम बदलला आहे का. आणि मग, "लॉक-अपचं पीडब्ल्यूएम चालू आहे की ट्यूनमध्ये बंद केलंय?"

सगळा निर्णय या एका प्रश्नाने केला. १९९५ पासून ४एल६०ई मध्ये लॉक-अप हळूहळू, दाब कमी-जास्त करत लावणारं सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) आलं, तेच हे पीडब्ल्यूएम. चालकाला धक्का जाणवू नये म्हणून क्लच थोडा घसरवत धरायचा, असा त्यामागचा हिशेब. त्या गाडीबरोबर आलेलं लायनिंग हे घसरणं सहन करेल असं निवडलेलं असतं. परफॉर्मन्स कन्व्हर्टरमध्ये पटकन आणि घट्ट धरणारं लायनिंग असेल आणि ट्यून जुनंच ठेवलं, तर क्लच दर वेळी लागताना घासत राहतो आणि जळतो. माझ्या ट्यूनमध्ये पीडब्ल्यूएम चालूच होतं. म्हणजे नवं लायनिंग लावून तसंच बसवलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं, मग रिबिल्ड कुणीही करो. त्यापुढे त्याने गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीतल्या टीसीसी (लॉक-अपच्या) व्हॉल्व्हच्या बोअरची चौकशी केली. बोअर झिजलं की लॉक-अपचा दाब गळतो, हे या गिअरबॉक्सचं जुनं दुखणं आहे. ते आधी तपासून घ्या, नाहीतर माझं काम वाया जाईल, असं त्याने स्पष्ट सांगितलं. तपासून घेतलं, बोअर ठीक निघालं.

नग त्याच्याकडे दिला आणि उघडताना समोर थांबलो. वेल्ड कापून कव्हर उचललं तर बाहेरच्या कडेला काळी राड बसलेली, बोटाने खरवडली तर ढलप्यासारखी निघत होती. पिस्टनवरचं लायनिंग आतल्या बाजूला काचेसारखं गुळगुळीत आणि बाहेरच्या कडेला जवळपास संपलेलं. कव्हरच्या आतल्या तोंडावर निळसर डाग, उष्णतेचे. स्टेटर हातात घेऊन त्याने फिरवून दाखवला. एका दिशेला सरळ फिरत होता, दुसऱ्या दिशेला धरायच्या आधी किंचित सरकत होता. "हा आज धरतोय, पण जोरात लाँच केलं की कधीतरी सोडेल," म्हणाला. स्टेटरचा वन-वे क्लच सुटला तर गाडी जागेवरून मेल्यासारखी उठते, आणि अडकून बसला तर वरच्या वेगात जीव जातो नि ऑइल तापतं. विकत घेताना हबमध्ये बोटं घालून स्टेटर फिरवून बघितला तर एवढी बारीक ढिलाई कळत नाही. वापरलेला घेणाऱ्याने ही जोखीम धरूनच चालावं.

काम काय केलं: नवं लायनिंग, कव्हरचं तोंड लेथवर सपाट, वन-वे क्लच नवा, थ्रस्ट बेअरिंग नवी. पाती ठोकून तपासली, एकही सैल नव्हती. मग वेल्ड, पाण्याखाली हवा भरून गळती तपासणी आणि शेवटी बॅलन्सिंग. सोबत एक कागद दिला, त्यावर उघडल्यावरची आणि जोडल्यानंतरची मापं. आतला एंड-प्ले (पुढे-मागे सरकण्याची मोकळीक) १४ थाऊ, म्हणजे इंचाचे १४ हजारांश, हबचा रनआउट (फिरताना होणारी डगमग) ३ थाऊ, शिवाय एकूण उंची. कव्हर फुगलं असेल तर उंचीत कळतं म्हणून तीही घेतलेली. हा कागद मला फार मोलाचा वाटतो. हबचा रनआउट जास्त असेल तर गिअरबॉक्सच्या पंपाचं सील आणि बुश खराब होतात, आणि मग दोष गिअरबॉक्सवाल्याच्या माथी मारला जातो. आकडा हातात असेल तर वादच होत नाही.

बसवताना नेहमीचंच. आधी कन्व्हर्टरमध्ये लिटरभर ऑइल ओतून घेतलं, आत ढकलताना तीन वेळा खट् असं बसलं, फ्लेक्सप्लेटपर्यंत (इंजिनला जोडलेल्या तबकडीपर्यंत) ३ ते ५ मिमी जागा राहिली. ऑइल कूलर बदलला. कन्व्हर्टरमधून निघालेली घाण थेट तिकडेच जाते, जुना ठेवण्यात काही अर्थ नाही. पीडब्ल्यूएम ट्यूनमध्ये बंद केलं. लॉक-अप आता एका हलक्या धक्क्याने लागतो आणि घसर शून्यावर येते. तो धक्का मला आवडतो.

मात्र पहिल्या आठवड्यात मी नाराज होतो. ब्रेक दाबून स्टॉल बघितला तर २,८०० च्या आसपास. ३,२०० चं सांगून घेतलेला नग, मग याने आत काही बदललं की काय? फोन केला. त्याने शांतपणे विचारलं, आधीच्या गाडीत इंजिन कोणतं होतं? विकणाऱ्याला विचारलं तर त्याच्याकडे मोठं, स्ट्रोकर इंजिन. स्टॉलचा आकडा एकट्या कन्व्हर्टरचा नसतो, समोरचं इंजिन किती टॉर्क देतं त्यावर तो ठरतो. कन्व्हर्टरचा स्वतःचा आकडा, म्हणजे के-फॅक्टर, काढायचा तर आरपीएमला टॉर्कच्या वर्गमुळाने भागायचं. विकणाऱ्याच्या इंजिनच्या ४०० फूट-पाउंडांवर ३,२०० म्हणजे ३,२०० भागिले २० (४०० चं वर्गमूळ), उत्तर १६०. माझं इंजिन त्या रेव्हला ३०० च्या थोडं वर देतं, वर्गमूळ साडेसतरा धरा, गुणिले १६०, झाले २,८००. नग जसा होता तसाच परत आला होता. हवं तर स्टेटर बदलून स्टॉल वर नेता येईल असंही तो म्हणाला, पण रोजच्या गाडीला गरज नाही, पैसे घालवू नका. काम नाकारून पैसे वाचवणारा माणूस मला लगेच पटतो. २,८०० वरच ठेवलं, आणि आता शहरातल्या वाहतुकीत वाटतं की हेच बरं झालं.

आता तक्रार, आणि ती मला अजून टोचते. कव्हरवर कोरलेला सिरियल नंबर त्याने घालवला. साफ करताना, रंगाआधी ग्राइंडर फिरवला आणि नंबर गेला. कामाच्या दृष्टीने याने काहीही बिघडत नाही, हे मला कळतं. पण मूळ बनवणाऱ्याकडची सगळी नोंद त्या नंबरावर उघडते. उद्या मी हा कन्व्हर्टर विकला, किंवा कधी तिकडे पाठवायची वेळ आली, तर पुढच्या माणसाच्या हातात एक निनावी डबा असेल. १४ थाऊपर्यंत मोजून देणाऱ्या माणसाने नंबरावर ग्राइंडर का फिरवावा? बोललो तर म्हणाला, रंग नीट बसत नाही. रंग कुणी बघायला जाणार आहे बेलहाउसिंगच्या आत? सुदैवाने चौकशीसाठी नंबर लिहून ठेवला होता. इलेक्ट्रिक पेनने तो कव्हरच्या सपाट भागावर पुन्हा कोरून घेतला आणि मापांच्या कागदावरही लिहिला. तुम्ही कुणाकडेही द्या, देण्याआधी नंबराचा फोटो काढा आणि त्यावर मास्किंग टेप लावून "हात लावू नका" असं लिहून द्या. मी तर पुढच्या वेळी हे पावतीवरच लिहून घेणार आहे.

काही महिन्यांनंतर स्थिती अशी: थरथर नाही, कोड परत आला नाही, हायवेला ऑइलचं तापमान पूर्वीपेक्षा दहा-बारा अंशांनी खाली असतं. लॉक-अप घट्ट धरतोय म्हणूनच हे, दुसरं काही बदललेलं नाही. कूलर नवा असला तरी मापाने जुन्याएवढाच आहे. मधे पॅन उघडला, चुंबकावर नव्या लायनिंगची राखाडी साय होती, तेवढी पहिल्या काही तासांत येतेच. ऑइल लालच.

"बनवणाऱ्याकडेच द्या" हे माझं पहिलं मत आता अर्धंच उरलं आहे. एका क्लचचा, साध्या बांधणीचा नग असेल तर फक्त कन्व्हर्टरचं काम करणारा माणूस शोधा, आणि तो तुम्हाला काय विचारतो ते ऐका. वजन, रेशो आणि ट्यून न विचारता भाव सांगणाऱ्याला देऊ नका. मापं लिहून देणार का आणि उघडताना समोर थांबू देणार का, हे आधीच विचारून घ्या. दोन-तीन प्लेटांचा मल्टी-डिस्क लॉक-अप असेल तर मात्र मी आजही मूळ बनवणाऱ्याकडेच पाठवेन, खर्च जास्त झाला तरी. त्या पॅकच्या प्लेटा आणि स्टील त्यांच्या स्वतःच्या मापाचे असतात, आणि पॅकची क्लिअरन्स चुकली तर क्लच एकतर सुटत नाही नाहीतर धरत नाही. तिथे बाहेरच्याकडे जुळतं सामान मिळेलच असं नाही, आणि वेल्ड परत कापायचा खर्च तुमच्याच खिशातून जातो.