उपग्रहाचा पीकनकाशा, मेघदूत आणि साधा पर्जन्यमापक: खानदेशात खरीप ते उन्हाळा वापरल्यानंतर

युरोपीय उपग्रहांची चित्रं दाखवणारं कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ, हवामान अंदाजाचं मेघदूत ॲप, महसूल मंडळांचे पावसाचे आकडे आणि बांधावरचा पर्जन्यमापक ही चार साधनं जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्ये कापसाच्या लागवडीपासून केळीच्या वादळांपर्यंत एकत्र वापरली. मत आधीच सांगतो. उपग्रहाचा नकाशा कुठे जाऊन बघायचं ते सांगतो, तिथे काय बिघडलंय ते सांगत नाही. तेवढंच काम त्याच्याकडून घेतलं तर फुकट मिळणाऱ्या साधनांत त्याच्या तोडीचं काही नाही.

देशाचे आणि जगाचे पीकनकाशे आधी बाजूला काढू. जी-२० देशांच्या पुढाकारातून सुरू झालेल्या जिओग्लॅम या जागतिक पीकनिरीक्षण उपक्रमाचा बाजारपेठेसाठीचा पीक अहवाल गहू, मका, भात आणि सोयाबीन या चारच पिकांवर असतो. कापूस नाही, केळी नाही. म्हणजे खानदेशाची दोन्ही नगदी पिकं त्यात नाहीत. मक्याच्या भावाचा अंदाज घ्यायला तो जरूर वाचा, पण शिंदखेड्यात पिकाला ताण बसलाय का, हे त्यातून कळायचं नाही.

गट नंबरच्या पातळीवर उपयोगी पडतो तो सेंटिनल-२ हा युरोपीय उपग्रह. पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक चौकोन, १० मीटरचा, फेरी साधारण ५ दिवसांनी, वेळ सकाळी अकराच्या आसपास. ब्राउझरवर फुकट खातं काढा, शेताची हद्द आखा किंवा हद्दीची केएमएल (नकाशाची) फाइल चढवा, वातावरणाचा परिणाम काढून टाकलेली एल२ए प्रत निवडा, ढगांची मर्यादा कमी ठेवा आणि एनडीव्हीआय, म्हणजे हिरवेपणाचा निर्देशांक, लावा. हद्द आखताना बांधापासून १० मीटर आत या. एका एकरात जेमतेम ४० पिक्सेल बसतात. बांधालगतची ओळ सोडली की विसाच्या आसपास उरतात. बांधावरचा निंब, शेजाऱ्याचा ऊस किंवा गाडरस्ता पिक्सेलमध्ये शिरला की आकडा खोटा पडतो. २० मीटर रुंदीच्या लांबट पट्टीत एकही स्वच्छ पिक्सेल मिळत नाही. असं शेत उपग्रहावरून बघूच नका.

रंगावर विसंबू नका, आकडा लिहून ठेवा. कोरडवाहू कापसात ओळींमधली काळी जमीन उघडी असते, त्यामुळे पहिले ४० ते ५० दिवस एनडीव्हीआय कमीच राहतो. पीक खराब आहे असा त्याचा अर्थ नाही. शिवाय ओली काळी जमीन गडद होते आणि विरळ पिकात निर्देशांक थोडा फुगवते. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवसांनी आलेल्या चित्रात पीक 'सुधारलेलं' दिसतं ते बऱ्याचदा यामुळे. पीक लहान असेपर्यंत जमिनीचा परिणाम कमी करणारा एसएव्हीआय वापरावा, त्यात जमिनीसाठीचा गुणक एल ०.५ ठेवावा.

सगळ्यात जास्त फसवतं ते तण. निंदणी राहून गेलेलं शेत स्वच्छ कोळपलेल्या शेतापेक्षा हिरवं दिसतं. जुलैच्या नकाशावर गावात सर्वांत चांगलं दिसणारं शेत प्रत्यक्षात सर्वांत दुर्लक्षित असू शकतं. म्हणून तुलना शेजाऱ्याशी करू नका. त्याच शेताची, त्याच पिकाची, मागच्या वर्षांच्या त्याच पंधरवड्याशी करा. ब्राउझरऐवजी मूळ प्रती उतरवून स्वतः गणित करणाऱ्यांनी एक सांभाळावं: जानेवारी २०२२ च्या अखेरीपासून प्रक्रिया बदलली आणि प्रकाशपट्ट्यांच्या (बँड) मूल्यांत १००० मिळवले जातात. ते वजा केले नाहीत तर २०२१ आणि २०२२ ची तुलना चुकते.

आता मुख्य उणीव. जूनअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सातपुड्यावर आणि तापीच्या खोऱ्यात ढग ठाण मांडतात. पाते लागण्याच्या नेमक्या दिवसांत आठवडेच्या आठवडे स्वच्छ चित्र मिळत नाही. विरळ ढग तर ब्राउझरच्या ढगगाळणीतूनही सुटतात आणि आकडा खाली ओढतात. एकाच तारखेला आकडा पडला आणि पुढच्या फेरीत सावरला तर तो ढग होता असं धरा. लागोपाठ दोन स्वच्छ चित्रांत घसरण दिसली तरच शेतात चक्कर मारा. सेंटिनल-१ या दुसऱ्या उपग्रहाचं रडार ढगांतून बघतं, पण ओली जमीन आणि वाढतं पीक दोन्ही त्याच्या लहरींचा परतावा वाढवतात. हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्यावर कुठे पाणी साचलं हे पाहायला ते उत्तम. कापसाची तब्येत बघायला मात्र उपयोगाचं नाही.

काही गोष्टींत उपग्रह मुळातच उशिरा पोहोचतो. लांब खंडानंतर जोराचा पाऊस झाला की कपाशी अचानक मान टाकते. या आकस्मिक मरीत साचलेलं पाणी काढून युरिया, पोटॅश आणि कॉपर ऑक्सिक्लोराईडची आळवणी एक-दोन दिवसांत व्हायला हवी. पाच दिवसांच्या फेरीची वाट पाहत बसलात तर झाड गेलं. गुलाबी बोंडअळी तर नकाशावर दिसतच नाही. पान हिरवं असतं आणि अळी बोंडात. तिच्यासाठी कामगंध सापळेच. ऑक्टोबरमधली घसरण लाल्याची (पानं लाल पडण्याची), पाण्याच्या ताणाची की नुसत्या पक्वतेची, हेही पान हातात घेतल्याशिवाय कळत नाही.

ढगाळ दिवसांची पोकळी भरली ती पर्जन्यमापकाने. २०० चौरस सेंटिमीटर तोंडाचा घेतला तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. मोजपात्र फुटलं तरी हिशेब अडत नाही. काठ जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर, समतल. झाड किंवा भिंत तिच्या उंचीच्या निदान दुपटीने दूर. नोंद रोज सकाळी साडेआठला, म्हणजे हवामान खात्याच्या दिवसाशी जुळते. उलटणाऱ्या चमच्याचा स्वयंचलित मापक सोयीचा खरा, पण धूळ, पानं आणि गांधीलमाशीचं घर यांनी गाळणी तुंबते आणि मुसळधार पावसात तो कमी मोजतो. दर पंधरवड्याला गाळणी साफ करा आणि शेजारी साधा मापक ठेवाच.

मापकाचा पहिला उपयोग लागवडीला. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा येईपर्यंत कोरडवाहू लागवड करू नये, आणि हा आकडा तालुक्याचा नव्हे, तुमच्या बांधावरचा. दुसरा उपयोग खंड मोजायला. ३० सेंटिमीटर मातीची बरड जमीन पिकाला जेमतेम ४०-४५ मिलिमीटर पाणी देते. भरात आलेली कपाशी रोज ५ मिलिमीटरच्या आसपास पिते. म्हणजे नवव्या दिवशी साठा संपतो आणि ताण त्याआधीच सुरू होतो. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत हेच पीक तीन आठवडे तग धरतं. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, पावसाची तूट ३६ टक्के होती. त्याचा फटका बरड आणि खोल जमिनीला सारखा बसलेला नाही. सरासरीच्या उणे १९ ते अधिक १९ टक्क्यांत पाऊस असला की जिल्हा 'सामान्य' म्हणून नोंदला जातो. मधल्या तीन आठवड्यांचा खंड त्या टक्केवारीत बुडून जातो.

तालुक्याची सरासरी खानदेशात आणखी एका कारणाने फसवते, आणि याकडे फार कमी लक्ष जातं. दुष्काळ ठरवताना २०१६ च्या केंद्रीय संहितेप्रमाणे इतर निकषांबरोबर वनस्पती स्थिती निर्देशांकही, म्हणजे आताचा हिरवेपणा मागच्या वर्षांच्या तुलनेत कुठे आहे हे, पाहतात. त्यात ६० च्या वर चांगलं, ४० ते ६० मध्यम आणि ४० च्या खाली वाईट. यावल, रावेर आणि चोपड्यात उत्तरेला सातपुड्याचं जंगल आणि खाली ठिबकावरची केळी. दोन्ही हिरवीगार, दोन्ही तालुक्याचा आकडा वर ओढतात. त्याच तालुक्यातला कोरडवाहू कापूस सुकला तरी सरासरीत उमटत नाही. जंगल आणि बागायत वगळून फक्त खरीप पिकांचा निर्देशांक काढला तरच चित्र खरं. तालुक्याचा आकडा घेऊन निवेदन देणार असाल तर तो पिकांच्या मुखवट्यासह (फक्त पिकांखालचं क्षेत्र धरून) काढलेला आहे का, हे आधी विचारा.

केळीत एनडीव्हीआय ०.८ च्या आसपास जाऊन अडकतो. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) दाट झाली की त्यापुढचा फरक दिसत नाही. तिथे रेड-एज (लाल आणि अवरक्त यांच्या मधल्या) पट्ट्यावरचा एनडीआरई निर्देशांक जास्त बोलका. वादळात आडवी झालेली बाग पहिले काही दिवस हिरवीच दिसते, सुकल्यावर आकडा पडतो. म्हणून उपग्रहाच्या पुराव्यावर न थांबता स्थळ-वेळ उमटणारे फोटो त्याच दिवशी काढा. हवामान आधारित फळपीक विम्यात तर मंडळाच्या संदर्भ केंद्रावरचं तापमान आणि वारा धरतात, तुमच्या बागेतला नाही. तुमचं मंडळ आणि त्याचं केंद्र कुठलं, ते विमा भरण्याआधी बघून घ्या.

मेघदूतवर तालुक्याचा ५ दिवसांचा अंदाज आणि मंगळवारी-शुक्रवारी कृषी सल्ला मिळतो. तापमानासाठी तो भरवशाचा वाटला, फवारणीची वेळ ठरवायलाही चांगला. एप्रिल-मेचं स्थानिक वादळ मात्र पाच दिवस आधी त्यात दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी हवामान खात्याचा तीन तासांचा तात्कालिक इशारा आणि विजेसाठी दामिनी ॲप. थंडीत निरभ्र, वारा पडलेल्या रात्री नदीकाठच्या सखल भागात गार हवा साचते आणि तिथलं किमान तापमान तालुक्याच्या अंदाजाहून खाली जातं. कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमारास लावलेली केळी) अशा जागी असेल तर सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत किमान तापमापी लावा. पत्र्याखाली नको, भिंतीला टेकून नको. पारा १० च्या खाली चालला की रात्री विहिरीचं पाणी ठिबकने सोडा आणि घडांवर पिशव्या घाला.