एलएलव्हीएमची रेपो, ‘ब्लॉब-नन’ क्लोन आणि दीड जीबीचा पॅक : आठ महिन्यांनंतर

परवा दुपारी दोनलाच माझा दिवसाचा दीड जीबी संपला. व्हिडिओ नाही, अपडेट नाही. एका गिट ब्लेमने संपवला. (गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, आणि ब्लेम म्हणजे फाइलीतली कुठली ओळ कुठल्या बदलात आली ते सांगणारी त्याची आज्ञा.)

गावी इंटरनेट म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट. एलएलव्हीएम हा कंपायलर बनवण्याचा मुक्त प्रकल्प. त्याच्या रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, पाच लाखांहून जास्त कमिट (नोंदवलेले बदल), पूर्ण क्लोन (इतिहासासकट प्रत) दोन जीबीच्या वर. म्हणून ‘फिल्टर=ब्लॉब:नन’ लावून घेतला: इतिहास सगळा येतो, फाइलींचा मजकूर लागेल तेव्हाच. स्पार्स चेकआउटमध्ये, म्हणजे निवडक फोल्डरच डिस्कवर ठेवायच्या सोयीत, रेपोतलं फक्त ‘एलएलव्हीएम’ नावाचं फोल्डर ठेवलं. पहिले काही महिने मी हे पाचपैकी पाच म्हणून सगळ्यांना सांगत होतो.

बाकी सेटिंग थोडक्यात. गिट मेंटेनन्स (गिटची आपोआप चालणारी देखभाल) चालू केलंत तर ते दर तासाला प्रीफेच करतं, म्हणजे नवे बदल आधीच उतरवून ठेवतं. मोजक्या डेटावर ते बंदच ठेवा. फेचच्या (सर्व्हरवरून नवे बदल आणण्याच्या) सेटिंगमध्ये ‘^रेफ्स/हेड्स/यूजर्स/*’ ही ओळ घाला, म्हणजे इतरांच्या ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा) येत नाहीत. प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेतच दिली आहे, गिट 2.29 पासून चालते.

आता ब्लेम. एक्स86आयसेललोअरिंग ही एलएलव्हीएममधली, एक्स86 प्रोसेसरसाठीच्या कोडची पन्नास हजारांहून जास्त ओळींची फाइल. मला त्यातल्या एका अटीमागचं कारण हवं होतं. ब्लेम एकेक जुनी आवृत्ती उघडत मागे जातं, आणि ती जवळ नसली की सर्व्हरकडे मागतं. एका वेळी एकच! त्यामुळे नुसता फरक येत नाही, दरवेळी अख्खी फाइल येते. मी जेवायला उठलो, परत आलो तरी ‘एन्यूमरेटिंग ऑब्जेक्ट्स: 1’ सरकतच होतं. तेवढ्यात पॅक संपल्याचा मेसेज. दोन जीबी वाचवायला केलेल्या क्लोनने दीड जीबी एका प्रश्नावर घालवला आणि उत्तरही दिलं नाही. संताप आला. पाचाचे दोन केले.

हे लिहायला घेतल्यावर कळलं की गिट 2.49 मध्ये ‘गिट बॅकफिल’ आलंय. राहिलेला मजकूर ते गठ्ठ्याने आणतं, आणि ‘स्पार्स’ पर्याय दिला की फक्त आपल्या फोल्डरपुरता. काल बहिणीकडच्या ब्रॉडबँडवर चालवलं. घरी येऊन हॉटस्पॉट बंद ठेवला आणि तेच ब्लेम पुन्हा लावलं. वेळ लागला, पण कमिट सापडला, अट का आहे तेही कळलं. डेटा शून्य.

एक गुण परत देतो. उरलेले दोन नाही, कारण ब्लेम सुरू करताना एवढं उतरवू का, हे गिट अजूनही विचारत नाही.