कर्दळवाला सांडपाणी प्लांट: अडीच वर्षं वापरल्यावर

5 पैकी 4 स्टार. एक कापलाय तो बसवणाऱ्याच्या कामासाठी, सिस्टीमसाठी नाही.

साठेक घरांच्या वस्तीला बसवलाय. आधी गाळ बसायची टाकी, मग कप्प्याकप्प्यांची टाकी, तिच्यात पाणी दर कप्प्याला तळाशी जातं आणि गाळातून वर चढतं, हवेशिवाय जगणारे जिवाणू तिथे घाण खातात, आणि शेवटी दोनेक फूट खोल खडीचा बेड, त्यावर कर्दळ. मोटर नाही, ब्लोअर नाही, सगळं उतारावर. मला हेच सगळ्यात आवडलं. ब्लोअरने पाण्यात हवा भरून ते साफ करायची पद्धत मँचेस्टरमध्ये 1914 ला आली, शहराला ती छानच आहे, पण लाईट बराच वेळ गेली की त्यातले जिवाणू गुदमरतात आणि छोट्या वस्तीत रात्री उठून बघणार कोण? आणि झाडं लावून पाणी साफ करायचं हे काही नवं फॅड नाहीये, जर्मनीत केटे झायडेल यांनी 1950 च्या दशकातच त्यावर प्रयोग केले होते.

रिझल्ट बघायला मी दोन काचेच्या बाटल्या भरते. आत येणारं पाणी राखाडी, तासाभरात तळाला काळा साका. बाहेर पडणारं किंचित पिवळट, पण बाटलीमागे कागद धरला तर अक्षरं वाचता येतात आणि वास येतो तो ओल्या मातीचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा खरंच भरून आलं, कारण हेच पाणी आधी दारासमोर साचायचं. तरी दिसायला स्वच्छ म्हणजे जंतू गेले असं समजू नका. आम्ही ते फक्त मोठ्या झाडांच्या मुळाशी सोडतो, कच्चं खायच्या पिकाला अजिबात नाही. लॅबमध्ये बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात, त्याचं माप) करायला देताना इनलेट आणि आऊटलेट दोन्हीचं सॅम्पल द्या (20 अंशाला 5 दिवस ठेवतात त्यामुळे रिपोर्टला वेळ लागतोच), नुसत्या आऊटलेटच्या आकड्यावरून प्लांट किती काम करतोय ते कळत नाही.

आता कापलेला स्टार. बसवणाऱ्याने खडी न धुता, चुरीसकट ओतली. सहा महिन्यांत पाणी खडीच्या वर आलं, त्यात डासांच्या अळ्या, लोक म्हणायला लागले गटार बरं होतं. तोंडाकडची दोन मीटर खडी आम्ही उकरून काढली, एकेक दगड काळ्या बुळबुळीत थराने माखलेला, मधल्या फटी चुरीने गच्च. ती सगळी धुतली, तोंडाशी मुठीएवढे दगड टाकले आणि आऊटलेटचा एल्बो (पाईपचा वाकडा तुकडा) थोडा खाली फिरवला, तेव्हा कुठे पाणी परत खडीच्या खाली गेलं. म्हणून सांगते, खडी टाकताना स्वतः उभे राहा, मूठभर बादलीत टाकून ढवळा, पाणी गढूळ झालं तर ट्रक परत पाठवा.

देखभाल कमी आहे, पण आहे. कचरा अडवणारी जाळी रोज साफ करायला एक माणूस ठरवून ठेवा, सगळ्यांची जबाबदारी म्हटलं की कोणीच करत नाही. गाळ मोजायला लांब काठीला पांढरं फडकं गुंडाळून तळापर्यंत सोडतो, काळा डाग टाकीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आला की गाडी बोलावून उपसा. झाकण उघडून आत वाकायचं नाही, आणि काही पडलं तरी, कितीही घाई असली तरी, टाकीत माणूस उतरवायचा नाही. आतला गॅस दोन श्वासांत माणूस पाडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही वर येत नाही.