वेव्ह की होल? कयाक सर्फिंग शिकताना काय निवडावं

बेळगाव-खानापूरकडची मंडळी काळी नदीवर राफ्टिंग करून आली, की एखाद्याला कयाकचं, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या छोट्या अरुंद नावेचं, वेड लागतंच. मग प्रश्न येतो: सर्फिंग, म्हणजे वाहत्या पाण्यात नाव एका जागी खेळवत ठेवणं, वेव्हवर (उभ्या लाटेवर) शिकायचं की होलमध्ये (उलट्या फिरणाऱ्या पाण्यात)? माझं मत पक्कं आहे. आधी वेव्ह. होल नंतर, आणि तोही पारखून.

वेगानं उतरलेलं पाणी पुढच्या संथ पाण्याला भिडलं की उसळतं. ही वेव्ह: लाट जागेवर उभी राहते, पाणी तिच्यातून पुढं जातं. कयाकचं नाक प्रवाहाच्या विरुद्ध धरून तिच्या उतारावर बसलात, की उतार तुम्हाला पुढं ओढतो आणि प्रवाह मागं ढकलतो. दोन्ही जुळलं की नाव एका जागी थरथरत राहते आणि काठावरची झाडं हलत नाहीत. ते सुख काही औरच. चुकलात तर बहुतेक वेळा लाट तुम्हाला सोडून देते.

होल सोडेलच असं नाही. पाणी खडकावरून पडून तळाशी जातं आणि वरचा फेस उलटा, खडकाकडे वाहतो. तो नाव धरून ठेवतो, म्हणूनच कोलांट्या मारायला होल उत्तम. पण आडवं बसल्यावर वरच्या अंगाची कड जरा बुडाली की क्षणात पालथे. ती कड उचलून भार खालच्या अंगाला ठेवायची सवय हवी, रोल (पालथी नाव आतूनच पुन्हा सरळ करणं) पक्का हवा आणि काठावर थ्रो-बॅग (फेकायच्या दोराची पिशवी) घेतलेला माणूस हवा.

होलची दोन्ही टोकं बघायला विसरू नका. ती प्रवाहाच्या दिशेनं खाली वळलेली असतील तर कडेनं निसटता येतं. वर वळलेली असतील तर पाणी तुम्हाला पुन्हा मध्यावर आणून टाकतं.

आपल्या सीमाभागात याहून मोठा धोका बंधाऱ्यांचा. दूधगंगा, वेदगंगेवर पावसाळ्यात बंधाऱ्यावरून पाणी वाहतं तेव्हा खाली या काठापासून त्या काठापर्यंत फेसाची सरळ रेघ दिसते. वरून ती निरुपद्रवी वाटते. पण त्यात अडकलेला ओंडका बघा: बुडतो, वर येतो, भिंतीकडे जातो, पुन्हा बुडतो. हाही होलच, फक्त बाहेर पडायला टोक नाही. तिथं कितीही तयारीचा माणूस असो, उतरायचं नाही म्हणजे नाही.

वरच्या पातळीवर मात्र दोन्हींना मान आहे. फ्रीस्टाइल कयाकिंगची (कयाकमधल्या कसरतींची) जागतिक स्पर्धा 2015 साली कॅनडात ओटावा नदीच्या गार्ब्युरेटर वेव्हवर झाली, तर 2019 साली स्पेनमधल्या सोर्टला होलमध्ये.

आता नदी. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावते, पण राफ्टिंग चालतं ते गोव्यात सत्तरीला, पावसाळ्यात. घाटमाथ्यावर पावसानं जोर धरला की पाणी भराभर चढतं आणि सकाळची वेव्ह दुपारी होल झालेली असू शकते, किंवा पार बुडालेली. भीमगडच्या जंगलातला वरचा भाग अभयारण्याचा, तिकडं वळू नका. गणेशगुडीला काळीचा ओघ सुपा धरणातून सोडलेल्या पाण्यावर असतो. त्यामुळं पावसाळ्यानंतरही पाणी मिळतं आणि त्याच पातळीवर तीच लाट पुन्हा भेटते. नवशिक्याला हेच हवं. म्हणून मी काळी निवडेन. फक्त बेळगावहून निघण्याआधी तिथल्या राफ्टिंगवाल्यांना फोन करून पाणी कधी सुटणार ते विचारून घ्या.