दोन वर्षं गोठ्यात उभी राहिलेली स्प्लेंडर आणि जिंतूर रोडवरचं बिनपाटीचं गॅरेज

गंगाखेडच्या साडूकडून 2012 ची स्प्लेंडर प्लस अठरा हजारांत घेतली. एमएच 22, पासिंग 2027 पर्यंत, पण गाडी दोन वर्षं गोठ्यात कडब्याच्या आडोशाला उभी. किका मारून पोटऱ्या भरून आल्या, गाडी हूं की चूं करीना. आधी एकाला दाखवली, त्यानं काही न खोलताच "पिस्टन गेलंय, सात हजार धरा" म्हणून मोकळा झाला.

मग परभणीत जिंतूर रोडला लिंबाखाली एक चाचा बसतात त्यांच्याकडं नेली. त्यांनी किकला पायच लावला नाही. टाकीचं झाकण उघडून नाक लावलं. "ह्ये पेट्रोल न्हाई राहिलं आता, वार्निश झालंय." बाटलीत काढलं तर चहासारखा रंग, तळाला पाणी आणि गंजाची पापडं. आजकालच्या पेट्रोलातलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं, त्यात टाकी अर्धी रिकामी.

कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणारा भाग) वाटीत पिवळा चिकटा बसलेला. चाचांनी त्यातला स्लो जेट, म्हणजे पेट्रोल जायची बारीक भोकाची नळी, काढला, वायरीतली तांब्याची एकच तार घालून साफ केला आणि उन्हाकडं धरून माझ्या डोळ्याला लावला. "उजेड दिसायलाय का?" नव्हता दिसत. परत तार, परत हवा मारली. चौथ्या खेपेला मोहरीपेक्षा बारीक ठिपका चमकला. प्लग नवा टाकला, करंट निळा आला. बॅटरी मेलेली होती, पण या गाडीचा प्लगचा करंट इंजिनासोबत फिरणाऱ्या मॅग्नेटवरून येतो, म्हणून किकवर अडत नाही. हॉर्न आणि इंडिकेटर तेवढे मुके. तिसऱ्या किकला गाडी चालू.

गावाकडं निघालो, सहा किलोमीटरवर बंद. दहा मिनिटांनी चालू, परत बंद. चिडून फोन लावला. "टाकीचं झाकण उघडा बरं." उघडलं, फुस्स करून हवा आत ओढली गेली, आणि गाडी पहिल्या किकला! झाकणाच्या हवेच्या भोकात कुंभारमाशीनं माती लिंपलेली. हवा आत जाईना म्हणून पेट्रोल खाली उतरेना. परत गेलो तर टाचणीनं कोरून दिलं, त्याचा रुपया घेतला नाही.

मजुरी साडेतीनशे. प्लग, पेट्रोलची नळी आणि ऑईल मीच दुकानातून आणून दिलं (10डब्ल्यू-30 ग्रेडचं), कारण चाचा माल ठेवत नाहीत. पावती मागू नका, मिळत नाही. "संध्याकाळी न्या" म्हणाले की परवा समजायचं; माझी तिसऱ्या दिवशी मिळाली, सीटवर ऑईलचा पंजा उमटवून. तो अजून निघालेला नाही.

पाचातले चार. एक त्या पंजाचा कापला.

शुक्रवारी दुपारी जाऊ नका, बंद असतं.