नीडरिस्टार्ट (अपडेटनंतर काय रिस्टार्ट करायचं ते सांगणारा प्रोग्राम): फुकट आहे, टाकून घ्या
जळगावात आमच्या दुकानातला डेबियनवाला (लिनक्सचा एक प्रकार) पीसी आम्ही कधी बंदच करत नाही, म्हणून अपडेट मारलं तरी उघडं असलेलं लिबरऑफिस जुनीच लायब्ररी (प्रोग्राम्स वापरतात ती सामायिक कोडची फाईल) मेमरीत धरून बसतं, प्रोसेसच्या (म्हणजे चालू प्रोग्रामच्या) मॅप्स फाईलमध्ये, जिथे त्याने मेमरीत घेतलेल्या फाईल्स दिसतात, बघा, नावापुढे चक्क 'डिलीटेड' लिहिलेलं दिसतं. नीडरिस्टार्ट एकदा टाकलं की एपीटीचं (डेबियनचं सॉफ्टवेअर टाकायचं-अपडेट करायचं साधन) अपडेट संपताच तो स्वतःच अशा जुनी लायब्ररी धरून बसलेल्या प्रोग्राम्सची यादी काढतो, भारी काम आहे भाऊ! सर्व्हिसेस (मागे चालणारे प्रोग्राम) विचारून रिस्टार्ट करतो पण तुमचे अ‍ॅप्स नुसते दाखवतो, बंद-चालू तुम्हीच करायचे, आणि ते बरंच आहे, अर्धवट बिल उडालं तर शेठ काय म्हणतील. जीडीएम (लॉगिन स्क्रीन), डीबस (प्रोग्राम्स एकमेकांशी बोलतात ती सर्व्हिस) यांना मात्र तो डिफॉल्टने हात लावत नाही, तिथे सरळ रीबूट मारा. चार स्टार, एक कापला कारण स्क्रीन फारच रुक्ष.